खाऱ्या पाण्याची मागे सरलेली हद्द : न्यू टाउनची भूमी आणि खेकड्याच्या हंगामाची तयारी

बंगालच्या खाडीपट्ट्यातील खेकड्याचा हंगाम तीन सत्तांच्या संमतीने उघडतो. पहिली सत्ता चंद्राची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची. दुसरी वनखात्याची, म्हणजे होडीच्या परवान्याची. आणि तिसरी बनबीबीची, म्हणजे ज्या वनदेवतेच्या राज्यात शिरायचे तिच्या अनुज्ञेची. या तिन्हींचा इतिहास निरनिराळ्या काळात घडला असला, तरी सुंदरबनाकडे निघालेल्या दोन-तीन माणसांच्या होडीत तो एकत्र येतो, आणि त्या होडीच्या तयारीकडे बारकाईने पाहिले, तर गेल्या अडीचशे वर्षांत कोलकात्याच्या पूर्वेचे पाणी कसे आणि का बदलले, याचाही माग लागतो. कोलकात्याच्या पूर्व सीमेवरील न्यू टाउन हे नियोजित नगर या इतिहासाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहे, कारण जिथे आज माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये, उंच गृहसंकुले आणि सहापदरी रस्ते दिसतात, तिथली सखल भूमी शंभर वर्षांपूर्वीपर्यंत याच भरती-ओहोटीच्या राज्यात मोडत होती.

राजारहाट परिसरातील शेते, तळी आणि वस्त्या संपादित करून हे नगर उभारण्यासाठी पश्चिम बंगाल सरकारने १९९९ मध्ये ‘हिडको’ या नावाने ओळखले जाणारे महामंडळ स्थापन केले आणि सुमारे तीन हजार हेक्टरांवर नगराची आखणी झाली. थाकदारी, महिषबाथान, घुनी, पाथरघाटा, सुलंगुडी ही जुनी ग्रामनामे आज चौकांच्या आणि बसथांब्यांच्या पाट्यांवर उरली आहेत. त्यांपैकी ‘महिषबाथान’ या नावाचा सरळ अर्थ म्हशींचा गोठा किंवा चराऊ रान असा होतो, आणि जिथे म्हशी डुंबत तिथे चिखल आणि पाणथळ असणार हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. कोकणातील वाचकाला ही भूमी समजावून सांगण्यासाठी ‘खाजण’ हा एकच शब्द पुरेसा आहे: भरतीचे पाणी आत येऊन पसरते, ओहोटीला गाळ मागे ठेवून परतते, आणि बांध घातला नाही तर शेतीला उपयोगी पडत नाही, अशी जमीन.

या खाजणाचे पोषण करणारी नदी म्हणजे विद्याधरी. समुद्राकडून मातला नदीच्या मुखातून वर चढणारे भरतीचे पाणी विद्याधरीवाटे कोलकात्याच्या पूर्वेकडील विस्तीर्ण खाऱ्या सरोवरांत पोहोचत असे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांनाच ‘सॉल्ट लेक्स’ असे म्हटले आहे. अठराव्या शतकात ही सरोवरे शहराच्या किती जवळ होती, हे समजण्यासाठी मराठी इतिहासातलाच एक संदर्भ उपयोगी पडतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरल्यानंतर १७४२ मध्ये कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती जो खंदक खणायला घेतला, तो ‘मराठा खंदक’ शहराच्या उत्तर आणि पूर्व बाजूंनी जात होता. दक्षिणेकडे तो पूर्ण होण्याआधीच धोका टळला आणि काम थांबले. खंदकाच्या पूर्वेला शेतांच्या आणि दलदलीच्या पट्ट्यापलीकडे खारी सरोवरे सुरू होत. शतकाच्या अखेरीस खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. तेव्हापासून शहराची हद्द पूर्वेकडे आणि खाऱ्या पाण्याची हद्द आग्नेयेकडे, अशा जवळजवळ एकाच दिशेने दोघी सरकत राहिल्या, आणि ज्याने माघार घेतली ते पाणी होते.

खारे पाणी म्हणजे मीठ, मासळी आणि खेकडा. ‘मलंगी’ या नावाने ओळखले जाणारे मीठ-कामगार चोवीस परगण्यांच्या खाऱ्या पट्ट्यात माती धुऊन, ते पाणी उकळून मीठ काढीत. ईस्ट इंडिया कंपनीने या धंद्यावर मक्तेदारी बसवली, आणि मध्य कोलकात्यातील मलंगा लेन हे गल्लीचे नाव त्या समाजाची आठवण अजून धरून आहे. सरोवरांभोवती बांध घालून केलेल्या मत्स्यतळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. कोकणात खारबांधाला जशी ‘उघाडी’ असते, म्हणजे भरतीचे पाणी हवे तेव्हा आत घेण्याचे आणि नको तेव्हा अडवण्याचे दार असते, तसेच दार भेडीलाही असते, आणि त्या दारातून भेटकी (मराठीत जिताडा), पारशे, कोळंबी आणि खेकडा हे सारे भरतीबरोबर आत येतात. खेकड्याला यासाठी कोणी आमंत्रण द्यावे लागत नाही. चिखलात राहणाऱ्या मोठ्या खेकड्याची मादी अंडी सोडण्यासाठी समुद्राकडे जाते, पिल्ले भरतीच्या आधाराने पुन्हा खाडीत आणि तिवरांच्या मुळांत शिरतात, आणि जिथवर खारे पाणी पोहोचते तिथवर ती पोहोचतात. म्हणून खेकड्याच्या वास्तव्याची सीमा ही खाऱ्या पाण्याच्या हद्दीची सर्वांत प्रामाणिक नोंद ठरते.

ही हद्द मागे का हटली, याची कारणे बहुतांशी माणसाने घडवलेली आहेत. पूर्व बंगालातून आणि सुंदरबनातून तांदूळ, लाकूड, मध, गोलपाता (म्हणजे घरे शाकारण्याच्या उपयोगी पडणारी खाडीतल्या पामची पाने) आणि मासळी शहरात आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कालव्यांचे जाळे विणले गेले. बेलेघाटा कालवा, सर्क्युलर कालवा, १८५९ मधील ‘न्यू कट’ आणि १९१० मध्ये खणलेला कृष्णपूर कालवा, ज्याला लोक केष्टोपूर खाल म्हणतात आणि जो आजही न्यू टाउन आणि सॉल्ट लेक यांच्या मधून वाहतो, ही त्या साखळीतली नावे. या कालव्यांनी नावा आणल्या, परंतु त्यांच्या दारांनी आणि बांधांनी विद्याधरीचे पाणीही वाटून घेतले. भरतीच्या नदीचे यंत्र साधे असते: जितके पाणी वर चढून विस्तीर्ण सखल भागात पसरते, तितकेच ओहोटीला वेगाने परतताना गाळ खरवडून समुद्राकडे नेते, आणि पसरण्याची जागा बांधांनी आवळली की परतीचा वेग मंदावतो व गाळ पात्रातच बसतो. शहराचे सांडपाणीही याच नदीत सोडले जात होते. अखेर १९२८ मध्ये पाटबंधारे खात्याने विद्याधरी मृत झाल्याचे जाहीर केले.

नदी मेली तरी मातीतले मीठ लगेच गेले नाही, आणि ही गोष्ट दोनच वर्षांत राजकीय अर्थाने सिद्ध झाली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सतीशचंद्र दासगुप्त यांच्या नेतृत्वाखाली महिषबाथान हे बंगालमधील एक प्रमुख केंद्र बनले. गावकऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी तिथली खारी माती आणि पाणी उकळून कायदेभंगाचे मीठ तयार केले. आज ज्या गावाच्या नावाने न्यू टाउनच्या कडेची वस्ती ओळखली जाते, तिथे शंभर वर्षांपूर्वीची जमीन मीठ देत होती. मराठी वाचकाला शिरोडा आठवेल, वडाळ्याची मिठागरे आठवतील. महिषबाथानचे स्थान बंगालच्या स्मृतीत तसेच असायला हवे होते, आणि नव्या नगराच्या पाट्यांमध्ये ते पुरेसे दिसत नाही ही खंत नोंदवावीच लागते.

याच सुमारास भेडीमालक विधुभूषण सरकार यांनी आपल्या तळ्यांत शहराचे सांडपाणी प्रमाणात घेऊन मासे वाढवण्याचा प्रयोग यशस्वी केला, आणि पाहता पाहता पूर्वेकडील तळी खाऱ्याची गोडी झाली. रोहू, कातला, मृगळ ही गोड्या पाण्याची मासळी भेडीत आली, खेकडा गेला. पुढे १९६२ पासून हुगळीचा गाळ नळांवाटे आणून उत्तरेकडील सरोवरे बुजवली गेली आणि तिथे सॉल्ट लेक उपनगर उभे राहिले. उरलेल्या साडेबारा हजार हेक्टर पाणथळीला, ध्रुवज्योती घोष यांच्या अनेक दशकांच्या अभ्यासामुळे आणि १९९२ च्या कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे, संरक्षण मिळाले आणि २००२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, तिचा समावेश झाला. न्यू टाउन या पाणथळीच्या उत्तरेला लागून आहे. खेकड्याच्या दृष्टीने मात्र हा सारा प्रदेश १९३० नंतरच परका झाला होता, आणि त्याच्या हंगामाची तयारी तेव्हापासून दक्षिणेकडे, कॅनिंगच्या घाटावर, सरकली.

कॅनिंगचे नशीबही पाण्यानेच लिहिले आहे. हुगळीत गाळ साचून कोलकाता बंदर निकामी होईल या भीतीने मातला नदीवर पर्यायी बंदर बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा वादळांचा अभ्यासक हेन्री पिडिंग्टन याने १८५३ मध्येच गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहून ही जागा समुद्राच्या लाटेखाली जाईल असा इशारा दिला होता. चक्रीवादळासाठी जगभर वापरला जाणारा ‘सायक्लोन’ हा शब्द याच पिडिंग्टनने रूढ केला. इशारा डावलून बंदर झाले, १८६२-६३ मध्ये कोलकात्याहून रेल्वे पोहोचली, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या पैशाने फुगलेल्या मुंबईत पोर्ट कॅनिंग कंपनीच्या शेअरांवर सट्टा लागला. १८६५ मध्ये मुंबईचा तो फुगा फुटला आणि पुढे हे शेअरही कोसळले. त्यानंतर १ नोव्हेंबर १८६७ च्या वादळाने बंदराची दैना केली आणि काही वर्षांतच ते सोडून देण्यात आले. जहाजे गेली, पण रुळ राहिले. जहाजांसाठी टाकलेल्या त्या रुळांवरून दीड शतकानंतर कोलकात्याकडे जो माल जातो त्यात मासळी आणि बांधलेले खेकडे असतात, आणि घाऊक व्यापाऱ्यांच्या आडती, ज्यांना तिथे ‘आडत’ असाच आपल्या ओळखीचा शब्द आहे, कॅनिंगच्या बाजारात दाटीने उभ्या आहेत.

येथे खेकड्याच्या जातींविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे, कारण ‘निळा खेकडा’ या एकाच नावाखाली जगात निरनिराळे प्राणी येतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रसिद्ध निळ्या खेकड्याला मेरी जेन रॅथबन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १८९६ मध्ये ‘कॅलिनेक्टिस सॅपिडस’ हे नाव दिले, ज्याचा अर्थ ‘चवदार असा सुंदर पोहणारा’ असा होतो. भारताच्या समुद्रातील निळसर पोहणारा खेकडा ‘पोर्ट्युनस’ या दुसऱ्या वर्गातला आहे. सुंदरबनात मात्र ज्याच्यासाठी होड्या निघतात तो चिखलातला मोठा खेकडा, ‘सिला’ वर्गातला; कोकणात त्याला चिंबोरी म्हणतात आणि मालवणीत कुर्ली. १९९८ मध्ये या वर्गाची शास्त्रीय फेरमांडणी झाल्यावर लक्षात आले की बंगालच्या चिखलात ‘सिला सेराटा’ म्हणून नोंदले गेलेले बरेचसे खेकडे वस्तुतः ‘सिला ऑलिव्हेसिया’ या किंचित लहान जातीचे होते. बंगाली ‘कांकडा’ हा शब्द संस्कृत ‘कर्कट’ वरून आला आहे, आणि राशीचक्रातील कर्क त्याचाच भाऊ.

दुसरा खुलासा हौसेखातर खेकडे धरण्याविषयीचा. अमेरिकेच्या याच पूर्व किनाऱ्यावर, मेरीलँडच्या चेसापीक उपसागरात, विक्रीसाठी नव्हे तर घरच्या पानासाठी आणि विरंगुळ्यासाठी खेकडे धरणाऱ्यांचा वेगळा वर्ग कायद्याने मानला जातो, त्यांचा हंगाम साधारणपणे १ एप्रिलला उघडतो, आणि त्यामागे निसर्गाचे सरळ कारण आहे: तिथला खेकडा हिवाळ्यात तळाच्या चिखलात गाडून घेतो आणि पाणी तापले की बाहेर येतो. महाराष्ट्रात याचे नाते पहिल्या पावसाशी आहे. मृगाच्या सरी पडल्या की कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतांतले, ओढ्यांतले मुठे बिळांतून बाहेर पडतात आणि रात्री बत्त्या, पलिते, आता बॅटऱ्या घेऊन पोराबाळांसह माणसे त्यांच्या मागे निघतात. बंगालमध्येही हौशी मासेमारी जुनी आहे, तिकीट काढून तळ्याकाठी दिवसभर गळ टाकून बसणाऱ्यांचा छंद कोलकात्यात मुरलेला आहे, पण त्या छंदात खेकडा नाही. सुंदरबनात खेकडा हा पोटाचा प्रश्न आहे, आणि ज्या रानात वाघ आहे तिथे विरंगुळ्यासाठी कोणी चिखलात उतरत नाही.

असे असूनही साधनांच्या बाबतीत चेसापीक आणि सुंदरबन यांचे साम्य थक्क करणारे आहे. दोन्हीकडे मुख्य साधन म्हणजे एक लांबलचक दोर, ज्याला ठराविक अंतरावर आमिषाचे तुकडे बांधलेले असतात आणि गळ मात्र एकही नसतो. बंगालीत या साधनाला ‘दोन’ म्हणतात. मराठीतल्या संख्येशी गल्लत होऊ नये म्हणून येथे त्याला लांब दोर असेच म्हटले आहे. दोर खाडीच्या तळाशी सोडतात, दोन्ही टोकांना वजन आणि तरंगती खूण असते, आणि काही वेळाने होडीतला एकजण दोर हळूहळू वर ओढतो. खेकड्याचा हट्ट असा की आमिष नांगीत धरल्यावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत तो ते सोडत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी दुसऱ्याने दांडीच्या जाळीने त्याला खालून उचलायचे असते. एक क्षण उशीर झाला की खेकडा प्रकाश पाहून सोडून देतो. म्हणून हे काम जोडीचे आहे, आणि सुंदरबनात अनेकदा ती जोडी नवरा-बायकोची असते. कोकणातील ‘फग’, म्हणजे लोखंडी कड्याला जाळे लावून मध्ये आमिष बांधलेले साधन, याच हट्टावर चालते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात बिळात दडलेला खेकडा काढण्यासाठी टोकाशी वाकवलेली लोखंडी सळई वापरतात. तिला बंगालीत ‘शिक’ म्हणतात, आणि चिखलात माणूस वाकलेला असतो तेव्हाच वाघाला तो चौपायासारखा दिसतो, असे तिथले जाणते सांगतात.

हंगामाची तयारी या साधनांपासून सुरू होते. होडी, जिला ‘डिंगी’ म्हणतात, काठावर पालथी घालून तिच्या फटी बुजवल्या जातात आणि बाहेरून डांबर चढवले जाते. डांबर सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी हे काम ‘गाब’ या फळाच्या रसावर चाले. तेंदूच्या वर्गातील या झाडाच्या कच्च्या फळांत भरपूर तुरट द्रव्य असते, फळे कुटून भिजत ठेवली की जो काळपट चिकट रस निघतो तो लाकडाला आणि सुती जाळ्याला कुजण्यापासून वाचवतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोळी हेच काम ऐनाच्या सालीच्या रंगाने करीत. नायलॉनने दोन्ही किनाऱ्यांवर ही विद्या जवळजवळ संपवली, कारण नायलॉनला रंगाची गरज नाही. त्याबरोबर हंगामाआधीचे ते आठ-दहा दिवस, ज्यांत अंगणात रांजण भरून रस मुरत असे आणि साऱ्या वाडीला त्याचा उग्र वास येई, तेही गेले. लांब दोर तपासणे मात्र आजही हातानेच होते: प्रत्येक गाठ ओढून पाहायची, झिजलेला भाग कापून नवा जोडायचा, आमिषाच्या दोऱ्या सारख्या अंतरावर पुन्हा बांधायच्या.

आमिषासाठी ‘कुचे’ हा चिखलात राहणारा वामसारखा मासा पसंत केला जातो, कारण त्याचे कातडे चिवट असते आणि तुकडा पाण्यात लवकर विरघळत नाही. तो मिळाला नाही तर तिलापिया किंवा कमी भावाची इतर मासळी कापून मिठात घालून नेतात. त्याशिवाय तांदूळ, डाळ, तेल, सरपण किंवा लहान शेगडी, डोक्यावर टाकायला ताडपत्री, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिण्याचे पाणी, कारण दहा-पंधरा दिवस चहूकडे पाणीच पाणी असूनही त्यातला एक घोट पिण्याजोगा नसतो. ही शिधासामग्री बहुधा आडतदाराच्या आगाऊ रकमेतून घेतली जाते, ज्याला ‘दादन’ म्हणतात, आणि ज्याने दादन दिले त्यालाच माल द्यावा लागतो. त्यामुळे पहिला खेकडा जाळीत येण्याआधीच त्याचा भाव अर्धा ठरून गेलेला असतो. या व्यवस्थेला शिवी देणे सोपे आहे, पण बँक ज्या दारापर्यंत गेली नाही तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या गेली, हेही इतिहासकाराला नोंदवावे लागते.

निघण्याचा दिवस ठरवतो तो चंद्र. अमावास्या आणि पौर्णिमेच्या मागेपुढे जे मोठे उधाण येते त्या दिवसांना बंगालीत ‘गोन’ म्हणतात; मधल्या अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोकणात ‘भांग’ म्हणतात, पाणी मंद असते. गोनात पाणी रानात खोलवर शिरते आणि खेकडा चारा शोधत फिरतो, म्हणून होड्या गोन धरून निघतात. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, ही कोकणातली धारणा सर्वश्रुत आहे, आणि खरेदीला निघालेली गृहिणी आजही तिथी पाहते.

दुसरी सत्ता कागदाची. १८७० च्या दशकात सुंदरबनचे रान वनखात्याच्या ताब्यात गेले, तेव्हापासून त्यात शिरणे हा हक्क न राहता परवानगीचा विषय झाला; १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८७ मध्ये जागतिक वारसा असे दर्जे मिळत गेले तसतशी मासेमारीसाठी मोकळी असलेली पाण्याची जागा आकसली. होडीला ‘बीएलसी’ म्हणून ओळखले जाणारे नोंदणीपत्र लागते, आणि ही पत्रे नऊशेच्या आसपासच असल्याने, ज्याच्याकडे पत्र आहे पण जो आता रानात जात नाही त्याच्याकडून ते भाड्याने घेण्याची रीत पडली. त्या भाड्याचा भार खेकडेवाल्याच्या पाठीवर बसतो, आणि ज्याला ते परवडत नाही तो कागदाविना निषिद्ध भागात शिरतो, जिथे त्याच्यावर वाघाने झडप घातली तर नुकसानभरपाई मागण्याचीही त्याच्या कुटुंबाला भीती वाटते. माशांच्या विणीसाठी एप्रिल ते जून या काळात रानातील मासेमारी बंद ठेवली जाते. समुद्रातली बंदी पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी आहे, तर महाराष्ट्रासह पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. शेजारच्या बांगलादेशात जानेवारी-फेब्रुवारीत खेकड्यापुरती स्वतंत्र बंदी असते, कारण तो खेकड्याच्या विणीचा भर मानला जातो. मुंबईचा कोळी सरकारी तारीख उलटली तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याखेरीज मनाने हंगाम सुरू झाला असे मानत नाही. जुलैच्या पहिल्या गोनाला परवाना हातात आलेला सुंदरबनचा खेकडेवालाही लगेच वल्हे उचलत नाही.

कारण तिसरी सत्ता बाकी असते. बनबीबीची कथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बयानुद्दीन आणि मोहम्मद खातेर यांनी ‘जहुरानामा’ या नावाने छापून आणली. लिपी बंगाली, पण पाने अरबी पुस्तकाप्रमाणे उजवीकडून डावीकडे उलटायची, अशी त्या पोथ्यांची मांडणी आहे. अरबस्तानातून आलेली ही देवी आणि तिचा भाऊ शाह जंगली यांनी वाघाचे रूप घेणाऱ्या दक्षिणरायाला हरवले, पण मारले नाही. रान वाटून दिले, आणि जो गरजेपुरते घेण्यासाठी निर्मळ मनाने येईल त्याचे रक्षण करण्याचे वचन दिले. धना नावाच्या लोभी माणसाने वाघाच्या स्वाधीन केलेला गरीब मुलगा दुखे तिच्या नावाने हाक मारून वाचतो, हा कथेचा गाभा. हिंदू आणि मुसलमान दोघेही रानात शिरण्यापूर्वी तिच्यासमोर बत्ताशे ठेवतात आणि दुखेची आठवण काढतात. घरी राहिलेल्या बायका नवरा परतेपर्यंत केस विंचरत नाहीत, मिरची भाजत नाहीत. घरात दुःखाची सावली धरून ठेवली म्हणजे रानातले दुःख टळते, असा त्यामागचा भाव आहे. मानववंशशास्त्रज्ञ अन्नू जलाइस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रानावर पोट भरणाऱ्यांची ही नीती तपशिलाने मांडली आहे. अमिताव घोष यांच्या २००४ मधील ‘द हंग्री टाइड’ या कादंबरीचा नायक फकीर हा खेकडे धरणाराच आहे, आणि त्याच्या लांब दोराच्या कामाचे तिथले वर्णन अभ्यासकालाही उपयोगी पडावे इतके नेमके आहे.

२५ मे २००९ च्या ‘आयला’ वादळाने या साऱ्या व्यवस्थेची प्रमाणे बदलली. बांध फुटून खारे पाणी शेतांत शिरले, पुढची काही वर्षे भात नीट झाला नाही, आणि ज्यांनी कधी दोर हातात धरला नव्हता ते शेतकरी खेकड्याकडे वळले. याच काळात चीन, हाँगकाँग, सिंगापूर येथील मागणीने भाव चढले होते, विशेषतः अंड्यांनी भरलेल्या मादीचे. आडतीवर खेकडा वजन, लिंग आणि भरीवपणा पाहून वेगळा केला जातो. नुकतीच कात टाकलेला, आत पाणीच असलेला खेकडा बाजूला काढून तळ्यात पोसायला ठेवतात, आणि कोकणात कांदळवन कक्षाने सिंधुदुर्गातील महिला बचत गटांबरोबर जो खेकडापालनाचा उपक्रम चालवला त्याचेही सूत्र चिखलातल्या तळ्यात खेकडा पोसण्याचेच आहे. नांग्या दोरीने आवळलेले जिवंत खेकडे ओलसर पेट्यांत भरून कोलकात्याच्या दमदम विमानतळाकडे रवाना होतात. हा विमानतळ न्यू टाउनच्या शेजारीच आहे. विद्याधरीच्या भरतीबरोबर ज्या प्रदेशात खेकडा स्वतः चालत येत असे, त्याच प्रदेशाच्या कडेने तो आता बांधलेल्या नांग्यांनी परदेशी जातो. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत चीनमधील साथीने ही वाट एकाएकी बंद झाली, तेव्हा कॅनिंगच्या आडतींवर खेकड्यांच्या पेट्या पडून राहिल्या आणि भाव एकदम उतरले. काही महिन्यांनी, मे महिन्यात, ‘अम्फान’ आले आणि बांध पुन्हा फुटले.

सफरीचा शेवट तयारीसारखाच क्रमाने होतो. वनखात्याच्या चौकीवर परतल्याची नोंद करायची, आडतीवर माल उतरवून दादनाचा हिशोब फेडायचा, बनबीबीच्या ठाण्यापाशी पुन्हा थांबायचे, आणि घरी पोहोचल्यावर लांब दोर गोड्या पाण्याने धुऊन अंगणातल्या दोन बांबूंच्या मध्ये पसरून वाळत घालायचा. कुजक्या आमिषाच्या वासाने कोंबड्या त्याखाली जमतात, घरातली बाई पंधरा दिवसांनी केस विंचरायला बसते, आणि पुढचे गोन यायला आठ दिवस असतात, तेवढ्यात झिजलेल्या गाठी बदलून घ्याव्या लागतात.